साहेबांनी वापरलेला शब्द

शंकर नगर, रायपूर
दसऱ्यानंतरचा रविवार, २००१

प्रिय दादा,
तुले आणि आईले पद्मिनीचा नमस्कार. इकडे सारं ठीक आहे, घरासमोर डांबरही पडलं. आईचा गुडघा काय म्हणतो?

तू शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून विचारते. दसऱ्याच्या चहापानाले आम्ही ऑफिसवाल्यांच्या बायकाही होतो. ह्यांचे नवे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवाकर तो एकदम डिसइंटरेस्टेड आदमी है." ह्यांनी घरी येऊन डिक्शनरी पाहिली, तर निःस्वार्थी, निःपक्षपाती असा अर्थ निघाला. तेव्हापासून पेढे वाटून राहिले.

मले शंका आहे. स्तुतीच होती, तर लोक खाली मान घालून हसले काहून? शेजारच्या दीदीले अर्थ विचारला, तर ती नुसतं "हव, हव" करत चहा ठेवायले उठली.

काल मी ह्यांले म्हटलं, दिवाळीनंतरही महिनाभर माहेरीच राहू का? पेपरातून मान वर न करता म्हणाले, "राह्य ना, मले काय."

साहेबांचा अर्थ मले समजला, दादा. आईले एवढंच सांगजो, पोट्टी यंदा निवांत राहायले येते.

तुझी धाकटी,
पद्मिनी