कर्नलची माफी मागणार नाही

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या सहाच अंगं जमिनीला लागतात; उरलेली दोन मनाने टेकवली आहेत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं नवं श्रवणयंत्र बसलं का, की पाहुणे आले की त्या अजून ते काढून ठेवतात? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे सोमवारी माझी नोकरी जाईल एवढं सोडलं तर.

तुमचं पत्र मिळालं. मी कर्नलवरून साहेबांशी भांडले असं आईने तुम्हाला फोनवर रडत रडत सांगितलं, आणि तुम्ही चार पानं भरून मला कळवलंत की आयुष्य सरहद्दीवर काढलेल्या माणसाशी वाद घालू नये, तेव्हा कर्नलसाहेबांची मुकाट्याने माफी माग आणि म्हणतील तिथे सही कर. मामा, आमच्या ऑफिसात कोणी कर्नलसाहेब नाहीत. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा अगदी गाभ्यातला प्रोग्राम, ज्याच्या हातात यंत्राच्या सगळ्या किल्ल्या असतात. (मिशा नाहीत. निवृत्तही होत नाही.) सरहद्दीचं मात्र तुम्ही नकळत बरोबर लिहिलंत.

तुम्ही तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलीत, म्हणून तुम्हाला हे आईपेक्षा लवकर कळेल. कॉम्प्युटरच्या मेमरीचे दोन भाग असतात: बाहेरचा साध्या प्रोग्रामांचा, आतला कर्नलचा, आणि मध्ये तुमच्या रेकॉर्ड रूमला होती तशी खिडकी. बाहेरच्याने आत पाऊल टाकलं तर खुद्द चिपच त्याला हाकलून देते. कर्नल मात्र दोन्हीकडे फिरू शकतो, म्हणून सांभाळायचं त्यानेच. समजा बाहेरचा म्हणाला, उत्तर अमुक जागी आणून ठेवा. ती जागा खरंच बाहेरची आहे ना, हे आधी बघावं लागतं. नाहीतर पठ्ठ्या तुमच्याच कपाटातली जागा सांगतो आणि तुम्ही आपल्या हाताने आपलं रजिस्टर खराब करून बसता. दुसरं म्हणजे, अर्ज खिडकीबाहेर ठेवून वाचायचा नाही. त्याची नक्कल आत घ्यायची, ती तपासायची आणि तिच्यावरूनच काम करायचं. अर्ज बाहेर ठेवूनच 'ठीक आहे' म्हणत तुम्ही कपाटाकडे वळलात, तर पुन्हा बघेपर्यंत त्यात एका कागदाऐवजी अख्खं दप्तर मागितलेलं असतं. ही नक्कल आत घेणाऱ्या दोन ओळी मी लिहिल्या होत्या. सगळं भांडण त्या दोन ओळींचं.

आमची कंपनी पार्सलं वेगळी करणारं यंत्र बनवते. पट्ट्यावरून खोकी येतात, कॅमेरा पत्ता वाचतो आणि एक लोखंडी हात प्रत्येक खोकं आपापल्या घसरगुंडीत ढकलतो. पट्ट्याचा प्रोग्राम लिहिणारा माझ्या शेजारी बसतो. (त्याला सगळे पट्टेवाला म्हणतात, आणि तो चिडतो म्हणून जास्तच म्हणतात.) त्याचा प्रोग्राम कर्नलच्या खिडकीवर चिठ्ठी ठेवतो, की पत्ता इतक्या अक्षरांचा आहे, घ्या. आमच्या साहेबांना कोणीतरी सांगितलं की नक्कल घेण्यात वेळ जातो. ते मला म्हणाले, चिठ्ठी बाहेरच वाचत जा, आपलाच तर पट्टेवाला आहे, परका थोडाच आहे. मी म्हटलं, कर्नलला आपलं कोणी नसतं. (हे वाक्य आईपर्यंत 'मला आपलं कोणी नाही' असं पोचलेलं दिसतं.)

मी दाताच्या डॉक्टरकडे गेले त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने त्या दोन ओळी काढल्या. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीच्या बाई यंत्र बघायला आल्या. त्या अकरा यंत्रं घेणार होत्या. पहिली शंभर खोकी फुलासारखी गेली आणि साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. एकशेएकाव्या खोक्याला कर्नलने चिठ्ठीवर चाळीस अक्षरं पाहिली. चाळिसांची जागा होती, म्हणून तो ठीक म्हणाला. तो अक्षरं उचलायला वळतो न वळतो तोच पट्टेवाल्याच्या प्रोग्रामने तीच चिठ्ठी पुसून पुढच्या खोक्यासाठी लिहायला घेतली, आणि त्या अर्धवट चिठ्ठीवरचा आकडा झाला चार हजार. कर्नलने आकडा पुन्हा बाहेरच वाचला आणि चाळिसांच्या जागेत चार हजार अक्षरं कोंबली. पडदा काळा. साधा प्रोग्राम पडला तर एकटा पडतो. कर्नल सगळ्यांना घेऊन पडतो. पट्टा थांबवायचा हुकूमही त्यानेच द्यायचा, त्यामुळे पट्टा चालूच राहिला, आणि शेवटच्याच हुकुमावर अडकलेला तो लोखंडी हात आधी खोकी, मग पाण्याच्या बाटल्या आणि शेवटी कडेला ठेवलेली बाईंची पर्स 'पत्ता अपूर्ण' असं लिहिलेल्या घसरगुंडीत ढकलून मोकळा झाला. पट्टा बंद करायचं लाल बटण कोणाला सापडेना. (ते दिसायला बरं दिसत नाही म्हणून साहेबांनी त्यावर पुष्पगुच्छ ठेवला होता.)

बाई पर्स झटकत गेल्या, आणि जाताना लेखी खुलासा मागून गेल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "कर्नल तिचा आहे, तेव्हा चूकही तिची." खुलाशाचं पत्र साहेबांच्या सहीने जायचं, त्यात सगळं 'तिच्या निष्काळजीपणामुळे' घडलं असं लिहायचं, ते टाइप मी करायचं आणि खाली 'वरील मजकूर मान्य' म्हणून सहीही मी करायची. नाहीतर सोमवारपासून येऊ नको. मी दोन गोष्टी विचारल्या: त्या ओळी परत घालणार का, आणि अकरा ठिकाणी यंत्र असंच पाठवणार का. उत्तर मिळालं की माझा स्वभाव फार ताठ आहे. आहेच. मामा, तुम्ही लिहिलंत की एका सहीने माणूस लहान होत नाही. तुम्ही स्वतः उभ्या जन्मात एकदाही न वाचता सही केली नाहीत, आणि मला मात्र वाचून खोट्यावर सही कर म्हणता. मी करणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. पाकीट आणायचं राहून गेलं, म्हणून पत्र टेबलावरच आहे. आज सोमवार, आणि मी सही केली. रागावू नका, पुढे वाचा. साहेबांनी मी टाइप केलेलं पत्र नीट वाचलं, दोन स्वल्पविराम घातले, 'छान' म्हणाले आणि शिक्का आणायला आत गेले. तेवढ्या वेळात मी एक शब्द बदलून पत्र पुन्हा छापलं. 'तिच्या'च्या जागी 'माझ्या'. त्याखाली 'वरील मजकूर मान्य' लिहून अगदी मनापासून सही केली. साहेब परत आले, माझी सही बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी वर सही ठोकून पत्र पाठवून दिलं. एकदा वाचलं होतं ना; दुसऱ्यांदा वाचण्यात वेळ जातो.

ता. क. २. गुरुवार. पाकीट अजून आणलेलं नाही. बाईंचं उत्तर आलं. इतक्या वर्षांत स्वतःची चूक स्वतः कबूल करणारा अधिकारी त्यांना प्रथमच भेटला म्हणे. अकराऐवजी वीस यंत्रं हवीत. साहेबांनी ते उत्तर तीनदा वाचलं आणि दोन्ही ओळी स्वतः परत घातल्या. आता ते नव्या लोकांना चूक कबूल करण्याचं महत्त्व समजावून सांगतात, आणि ते मला ऐकून घ्यावं लागतं.

ता. क. ३. खरं तर आज पुन्हा लिहायला बसले ते एवढ्यासाठीच. आईला फोन करून सांगा की माफी मागून झाली आणि नोकरी शाबूत आहे. कोणी मागितली हे ती विचारणार नाही; विचारलंच तर मामींना फोन द्या, आणि त्याआधी कानातलं यंत्र तेवढं काढायला सांगा.