चाचा, त्या दिवशीचा चहा

प्रिय मुनीरचाचा,

उद्या चौकशी आहे. तिथं काय बोलायचं ते आधी तुमच्या कानावर घालावं म्हणून आज लिहायला बसलोय. घरात कुणाशी बोलवत नाही.

होटगीच्या पुढच्या माळावर तुम्ही भोकं पाडून सुरुंग उडवायचात आणि मी गाडीत बसून हादरे पडद्यावर बघायचो. खालून परत येणाऱ्या लाटांवरून कळतं, खडक कुठवर आहे आणि कुठं बदलतो. घरी भाभींना तुम्ही सांगायचात, "डाक्टर पेट ठोकको देखता ना, वैसाच."

सुरुंग उडाला नाही, की अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही, हा नियम. तो पाळायला तुम्ही स्टोव्ह पेटवायचात. चहाच्या दोन फेऱ्या झाल्याशिवाय उठू द्यायचा नाहीत. "बैठ रे दत्तू, चाय पी. गड्डा किधर जाता भागके?" मला लई राग यायचा त्या चहाचा.

त्या दिवशी चौथा सुरुंग उडाला नाही. तुम्ही पातेलं काढलंत. मेंढ्यांच्या पायांचेही हादरे पडद्यावर येतात म्हणून धनगर बिरूमामा मेंढरं अडवून कधीचे उभे होते. "आरं सोडू का न्हाय? तहानल्यात की जनावरं." तिकडे कॅम्पवरून आमचे साहेब वॉकीटॉकीवर आईवरून शिव्या घालत होते. तो सगळा राग मी तुमच्यावर काढला. "चहा घाला चुलीत, आधी जाऊन वायर बघा."

तुम्ही पातेलं खाली ठेवलंत आणि गेलात. का गेलात, चाचा? माझ्या थोबाडीत का नाही मारलीत?

पडद्यावर तुमची पावलं येत होती. एकेक बारीक ठोका. मग ते थांबले. मग सगळा पडदा हादऱ्यांच्या रेघांनी काळा झाला आणि गाडीच्या टपावर दगड कोसळले. समोरची काच माझ्या तोंडावर फुटली. मी पळत आलो. लांब तुटून पडलेला तुमचा उजवा हात मीच गोणपाटात गुंडाळला. वायर अजून मुठीत होती.

संध्याकाळी साहेब म्हणाले, महिन्याभरात हादऱ्यांचा इतका स्वच्छ रेकॉर्ड आला नव्हता. मी त्यांची गचांडी धरली. लोकांनी ओढलं नसतं तर दात पाडले असते त्यांचे. पण मार खरा मी खायला हवा होता.

आता अपघाताच्या कागदावर लिहिलंय, तुम्ही नियम मोडून स्वतःहून गेलात. तुमच्या दफनानंतर भाभींनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. मला विचारलं, "बीस साल लोगांकू चाय पिलाको बिठाए. उस दिन इनकूच क्या जल्दी थी, दत्तू?" मी त्यांच्या हातचं पाणी प्यालो आणि उठून घरी आलो. इतका हलकट मी कधी झालो?

उद्या सगळ्यांसमोर सांगणार, मुनीरचाचांना मी पाठवलं. नोकरी जाऊ दे, तुरुंग होऊ दे. तिथून सरळ भाभींकडे जाईन आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देईन. त्या मारतील, दार लावून घेतील. तरी उंबऱ्याबाहेर पुरा अर्धा तास बसेन, चाचा. उठणार नाही.

तुम्हाला चहावरून उठवणारा,
दत्तू