जॉयस्टिक ठीक आहे

दादा,

ड्युटीवरून दमून आला असशील, तरी दारातच उभा राहून वाच. आत जाऊन आडवा होऊ नकोस.

तुझी जॉयस्टिक बिघडलेली नाही. कॉम्प्युटरला लावून तपासली. बटणं सगळी चालतात. दांडी जरा सैल आहे, बारीक हादऱ्यानेही हलते; फरशीवर नुसती ठेवली तरी पडद्यावरची फुली थरथरते. मैत्रिणीच्या, सोनलच्या घरी तीच फुली गप्प. आपल्याकडे शुक्रवारी खालच्या कारखान्यातले कापडाचे लूम बंद होते, तेव्हाही गप्प. मागच्या भिंतीपाशी सगळ्यात जास्त नाचते, म्हणून कपाट सरकवलं. खांबाला तडा गेलाय. माझं बोट आत जातं.

घरमालक रामनाथशेठला (लूमही त्याचेच) सांगितलं तर म्हणतो, "गेम खेळणारी पोरगी मला बिल्डिंग शिकवणार?" आईला शेलार गावी मामाकडे धाडलं. बाबा हलायला तयार नाहीत. "वीस वर्षं हीच खडखड ऐकतोय," म्हणाले आणि त्याच खांबापाशी झोपले.

मी खाली लूमचा मेन स्विच पाडायला चाललेय. शेठची माणसं बडवतील, बडवू देत. तू मला सोडवायला धावू नकोस. आधी बाबांना उचलून बाहेर काढ.

दिपाली