लिफ्टमधला स्कोर

अण्णा, क्रिकेटमधलं मला अजूनही ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमची मुलगी साठीला आली, बोरीवलीत सासू होऊन बसली, पण लेग कुठला आणि ऑफ कुठला विचारलंत तर आजही तुमच्या तोंडाकडे बघत राहीन. तुम्हाला तरी कुठे फार कळायचं म्हणा! बॅट कधी हातात धरली नव्हतीत तुम्ही. मालवणाकडे गावात हुतुतू खेळलात, मुंबईत येऊन गिरणीत लागलात, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या त्या सात मजली ऑफिसांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमन झालात, आणि तिथे स्टुलावर बसून रिटायर होईपर्यंत लोकांना स्कोर सांगत राहिलात. मी एकदा विचारलं होतं, की आवडतो तुम्हाला हुतुतू, मग सारखं क्रिकेट क्रिकेट काय लावलंय? तर म्हणालात, "हुतुतूची गजाल करूक दम लागता गो. लिफ्टीत तेवढो टायम खंय?" वर स्वतःच हसलात.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. दादा आणि मी शिकतोय, दिवाळीची सुट्टी आहे. तुम्ही डबा विसरून गेलात म्हणून आईने मला आणि दादाला घाटकोपरहून बसने अंधेरीला पाठवलंय. दादा खाली पानवाल्याच्या ट्रान्झिस्टरला कान लावून उभा, आणि मी लिफ्टमध्ये तुमच्या स्टुलाला टेकून. तुमचं काम कसं चालतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघते. लिफ्ट खाली आली की पानवाला बाहेरून ओरडतो, "अण्णा, चार गेले!" तुम्ही जाळीचं दार ओढता आणि ते चार गेलेले घेऊन वर निघता. दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेठ, पाचव्यावरच्या टायपिस्ट बाई, चहावाला, सगळ्यांना एकच बातमी, पण ज्याची त्याला वेगळी. शेठना हळहळत, चहावाल्याला ओरडून. मॅच नसली तर कालचा स्कोर, कालचा नसला तर कुठल्यातरी शाळांच्या मॅचचा. मग सफारी घातलेले एक साहेब आत येतात. तुम्ही म्हणता, "साहेब, चार गेले." ते म्हणतात, "अरेरे." चौथा मजला येतो. तुम्ही दार उघडता, साहेब बाहेर पडत नाहीत. तुम्ही काही न बोलता दार लावता आणि लिफ्ट थेट सातव्यावर नेऊन उभी करता. साहेब जाळीकडे बघत म्हणतात, "उद्या हिचं ऑपरेशन आहे, अण्णा." तुम्ही नुसतं "हं" म्हणता. थोडा वेळ तिथेच थांबता. मग त्यांना परत चौथ्यावर आणून सोडता.

ते गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? "सगळ्या बिल्डिंगीक म्हायत होता." मग तुम्हीच का नाही विचारलंत, बायको कशी आहे म्हणून? तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "माणसाक घरचा आपण इचारूचा नाय गो. स्कोर इचारूचो. घरचा सांगूचा आसात तर तो स्कोर संपल्यार आपणच सांगतलो. नाय सांगूचा आसात, तर स्कोर आसाच." मला हे अजिबात पटलं नव्हतं. मी आईच्या वळणाची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मला माणूस दिसला की आधी जेवलास का, बारीक का झालास, पोराचं लग्न कधी, असं सगळं धडाधड विचारून मोकळं व्हायचं असतं. न विचारता थांबणं म्हणजे मला माणुसकी सोडल्यासारखं वाटायचं.

माझ्या लग्नात तर तुम्ही हद्द केलीत. घाटकोपरच्या हॉलच्या दारात मी रडून रडून डोळे सुजवून उभी, आणि तुम्ही नव्या जावयाला विचारताय, "काय जावयबापू, किती झाले?" त्यावर हा माझा नवरा, हाही शहाणा, गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "सहा बाद एकशे ऐंशी." आई कडाडली, "आग लागो मेल्या मॅचीक!" सगळे हसले. मी नाही हसले. राग आला होता मला तुमचा, खूप राग, आणि तो कित्येक वर्षं राहिला. माझी शाळेतली मैत्रीण, जी तोवर दादाची बायको होऊन आपल्याच घरात आली होती, तिने पुढे एकदा मला सांगितलं. "वेडी आहेस तू. तू तोंड बघत बसलीस, मी हात बघत होते. अण्णांनी तुझ्या नवऱ्याचं मनगट धरलं होतं, ते गाडी निघेपर्यंत सोडलं नव्हतं." ती अशीच होती. वहिनी म्हटलेलं तिला चालायचं नाही, आणि मलाही कधी जमलं नाही.

अण्णा, तुमच्यामागे आता तीही गेली. गेल्या दिवाळीनंतर. आजार असा फार झालाच नाही, तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. मुलगा बंगळुरात नोकरीला, दादा मुलुंडच्या घरात एकटा. सुरुवातीला मी रोज फोन करायचे. जेवलास का, काय जेवलास, बीपीची गोळी घेतलीस का, झोप लागते का. आधी तो "हो" म्हणायचा, मग "हं", मग फोन उचलेनासा झाला. भाचा बंगळुराहून फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाला, "आत्या, बाबा दारच उघडत नाहीत. शेजारच्या काकी दोनदा बेल वाजवून परत गेल्या. मी सुट्टी टाकून येतो तर म्हणतात, येऊ नकोस. काय करू मी?" मी तशीच बांगड्याचं तिखलं डब्यात घालून मुलुंडला गेले. मला बघून दार उघडलं त्याने, पण समोर बसला तो भिंतीकडे बघत. दाढी वाढलेली, पडदे ओढलेले. मी आपली विचारतेय, विचारतेय. शेवटी म्हणाला, "चौकशी आयोग नेमलाय का गं माझ्यावर?" मी डबा ओट्यावर आपटला आणि घरी आले. येताना बसमध्ये रडले. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत हातातून चाललाय, हे मला दिसत होतं, आणि मला प्रश्न सोडून दुसरं काही येत नव्हतं.

मग एका संध्याकाळी ह्यांनी टीव्ही तसाच चालू ठेवला आणि भाजी आणायला खाली गेले. मी बंद करायला उठले तर मॅच. लोक उभे राहिलेले, बोलणारे ओरडतायत, खाली लिहून आलं की आपल्याला शेवटच्या ओव्हरमध्ये अकरा हव्यात. मला काय झालं कोण जाणे, मी दादाला फोन लावला. कसा कुणास ठाऊक, उचलला त्याने. मी म्हटलं, "दादा, अरे बघतोयस का? अकरा हव्यात फक्त! जिंकतोय आपण!" मग म्हणाला, "कुठल्या चॅनेलवर?" मी सांगितलं. टीव्ही लागल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "अगं बाई, ही मागच्या वर्षीची मॅच आहे. परत दाखवतायत. आपण हरतो ही." मी म्हटलं, "हरतो? अरे, पण अजून बॉल आहेत ना!" आणि अण्णा, तो हसला. आधी खोकला आला असं वाटलं मला, पण हसतच होता. मी वेंधळी तर आहेच, पण त्या दिवशी माझ्या वेंधळेपणाला मी मनातल्या मनात ओवाळलं. आम्ही दोघांनी फोन कानाला लावून ती हरलेली मॅच शेवटपर्यंत बघितली. कोण कुठे उभा आहे, का उभा आहे, सगळं समजावलं त्याने. मी जीभ दाताखाली धरून ठेवली, जेवलास का विचारलं नाही. मॅच संपली, जाहिराती लागल्या, तरी त्याने फोन ठेवला नाही.

मग आपणहून बोलला. म्हणाला, "कोळीण येते बुधवारी आणि शुक्रवारी." त्यांची बिल्डिंग सगळी गुजराती, मासे घेणारं घर हे एकच. ती बाई वीस वर्षं केवळ माझ्या मैत्रिणीसाठी तीन जिने चढून येते. मैत्रीण गेल्यावर महिन्याभराने कोळीण आली आणि दारातून विचारलं, बाय कुठाय? आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "गावाला गेलीय." पुढच्या खेपेला ती म्हणाली, कधी येणार? तो म्हणाला, येईल. मग आंब्याच्या दिवसांत येईल. मग बेल वाजली की दिवे घालवून आत बसायला लागला. बुधवार-शुक्रवारचं होतं, ते हळूहळू सगळ्याच बेलांचं झालं. "काय सांगू गं तिला आता? इतके दिवस खोटं बोललो म्हणून सांगू?" साठी उलटलेला माणूस, अण्णा, पाटी घेऊन येणाऱ्या बाईला घाबरून अंधारात बसतोय. मला हसू येईना आणि रडूही येईना. मी एवढंच म्हटलं, "बुधवारी येते मी."

बुधवारी मी दार उघडून उंबऱ्यातच बसले. कोळीण जिना चढून आली, मला बघून हसली. मी सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. "आगं बाय माझे," म्हणत पदरात तोंड घालून रडली. आपल्या घरातली असावी तशी रडली. दादा आत पडद्यामागे उभा होता, मला त्याचे पाय दिसत होते. मला वाटलं, आता ही विचारणार, कधी गेली, मला का नाही सांगितलंत. तिने डोळे पुसले, पाटीवरचं फडकं सारलं आणि आत बघून हाक मारली, "दादा, बोंबील ताजे हायत. साफ करून देऊ?" दादा बाहेर आला. तिच्यासमोर उकिडवा बसला. दोन बोंबील उलटेपालटे करून म्हणाला, "हे नकोत, ते दे." त्या दुपारी त्याने पडदे उघडले. आता तो खाली जातो, बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांबरोबर बाकावर बसतो, मुलालाही ये म्हणालाय.

आणि मला रोज संध्याकाळी फोन करून स्कोर सांगतो. मला काही कळत नाही, पण "अरे वा" आणि "अरेरे" कुठे म्हणायचं ते आता जमायला लागलंय. काल स्कोर सांगून झाला. मग म्हणाला, "आणि तू गं? तू कशी आहेस? आधी तुझी मैत्रीण होती ती. तुला कुणी विचारलंच नाही." मी म्हटलं, "किती ओव्हर राहिल्या?" मग एकेक बॉल सांगायला लागला, सावकाश, मी लहान असल्यासारखं, आणि मी तोंडावर पदर दाबून ऐकत राहिले. मी बरी नाहीये, अण्णा. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.