गाळायचं काम छोट्याचं

४ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि दोन्ही चिमण्या खुशाल असाल. आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. काल तिने दूधवाल्याला असं काही झापलं की आज तो चक्क लवकर आला. तुझं नवं दुकान छान चाललंय असं ऐकते. दारावर काचेची पाटी लावलीस म्हणे. शोभत असेल.

आता कामाचं. ग्रंथालयाच्या नव्या वाचनकक्षाची बारा टेबलं मला मिळाली, हे तुला माहीत आहे. पॉलिश करून अकरा दिवस झाले, वाळायचं नाव नाही. हात लावला की चिकटतो, बोट उचललं की रेषांसकट ठसा राहतो. ग्रंथपालबाई एका टेबलावर वर्तमानपत्र विसरल्या. उचलायला गेल्या तर अर्धी बातमी टेबलावर उलटी छापलेली. बाई हसल्या, पण एकदाच. एक मार्चला कक्ष उघडायचा आहे. तोवर वाळलं नाही तर सगळं खरवडून दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. ही बातमी गावभर व्हायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे. मग मला खुर्चीचा एक पायसुद्धा कुणी पॉलिशला देणार नाही.

तेल बाबांच्याच कृतीने केलंय. कच्चं जवसाचं तेल, त्यात राळ, उतरवल्यावर टर्पेंटाइन. सप्टेंबरात तू वेगळा झालास तेव्हा गाळून ठेवलेले दोन डबे जानेवारीपर्यंत पुरले. त्यानंतरचा हा पहिला घाणा. शिजवलं मीच, नेहमीसारखं. फक्त या वेळी गाळलंही मीच.

तुला काही सुचतंय का? फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहिते.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

पत्र मिळालं. चार ओळी का होईना, लिहिलंस. हवा दमट असेल, थर जाड बसला असेल, आणि ‘ताई, आता तुझा हात पूर्वीसारखा राहिला नसेल.’ हे शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही.

तरी तू म्हणालास ते सगळं केलं. सहा फळ्या घेतल्या. एकीवर इतका पातळ हात दिला की लाकडाला कळलंसुद्धा नसेल. एक उन्हात ठेवली, एक शेगडीजवळ. एक आधी टर्पेंटाइनने पुसून घेतली, लाकूडच तेलकट असेल तर निघून जावं म्हणून. एकीसाठी नवं तेल आणून नवा घाणा शिजवला. सहावीला काहीच वेगळं केलं नाही, तुलना करायला. आज पाचवा दिवस. सहाही फळ्या गुळाच्या ढेपेसारख्या चिकट आहेत आणि शेगडीजवळच्या फळीवर एक माशी कायमची राहायला आली आहे.

म्हणजे हवा नाही, थर नाही, लाकूड नाही. उरलं तेल. आणि तेल तर बाबांनी समोर बसवून सांगितलेलं, माझ्या वहीत माझ्या अक्षरात.

एकच विचारते, रागावू नकोस. बाबांचा नियम होता, ताईने शिजवायचं, छोट्याने गाळायचं. तू घमेलं घेऊन मागच्या खोलीत जायचास आणि दार लोटून घ्यायचास, धूळ येते म्हणून. तिथे तू नुसतं गाळायचास ना? आणखी काही करायचास का?

नसशील तर नाही म्हण. मी दुसरीकडे शोधते.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

छोट्या,

खुशाली आज राहू दे.

तुझं कार्ड आलं. ‘नुसतं गाळायचो. उगाच शंका काढू नकोस.’ ते वाचून मला बरं वाटलं होतं, हे तुला कळावं म्हणून सांगते. आपण कसं विचारलं असं, म्हणून माझीच मला लाज वाटली.

त्याच दुपारी टर्पेंटाइन आणायला रंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी सहज विचारलं, “काय गं, ड्रायर घ्यायचं बंद केलंत का तुम्ही?”

मी म्हटलं, “कसलं ड्रायर?”

“अगं, तेल वाळायला घालतात ते. छोट्या दर महिन्याला एक बाटली न्यायचा. त्याच्या आधी तुझे वडील न्यायचे. त्याच्याशिवाय कच्चं तेल वाळतंय होय!” मग माझं तोंड बघून काका नसलेली सुट्टी नाणी शोधायला लागले.

मी बाटली घेतली. घरी येईपर्यंत हातात धरून होते, पिशवीत ठेवायचंही सुचलं नाही.

आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती, करतच राहिली. म्हणाली, “तू लग्न करून गेली असतीस तर कृती दुसऱ्याच्या घरात गेली असती. म्हणून तुझ्या बाबांनी तसं केलं. त्यात एवढं काय? बाटली घरातच तर होती.” मी म्हटलं, “मी गेले नाही ना पण.” त्यावर तिने माझाच टॉवेल घडी घालून माझ्या हातात दिला.

पंधरा वर्षं मी ते तेल शिजवलं. कढईच्या वाफेने माझ्या भुवया दोनदा जळल्या. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “पोरीला हातगुण आहे, तिचं पॉलिश आरशासारखं वाळतं.” आणि मी मान खाली घालून खूश व्हायचे. तूही तिथेच उभा असायचास. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघायचात का रे तेव्हा? हे मला आठवत नाही, कारण मी बघितलंच नाही. मला फार लागलंय हे. बाबांची माया खोटी होती असं मी म्हणत नाही, पण ती आठवायला गेले की मध्ये ते लोटलेलं दार येतं.

टेबलं झाली. तुझ्याकडून प्रमाण विचारावं असं एकदा मनात आलं, पण विचारलं नाही. पुन्हा फळ्या घेतल्या. पहिल्या फळीत ड्रायर जास्त पडलं, वरून दुधाची साय धरावी तशा सुरकुत्या आल्या. दुसरीत कमी पडलं. चौथी फळी दुसऱ्या दिवशी सकाळी खणखणीत वाळली. मग बाराही टेबलं टर्पेंटाइनने धुतली, खरवडली, घासली आणि नव्याने दोन हात दिले. काल ग्रंथपालबाईंनी टेबलावर तळवा फिरवला, मग मुद्दाम वर्तमानपत्र ठेवलं, वर जाडजूड शब्दकोश ठेवला, आणि चहा प्यायला मला आत घेऊन गेल्या. परत आलो तेव्हा कागद अलगद उचलला गेला. खुर्च्यांचं कामही मलाच आहे. प्रमाण वहीत लिहिलंय. रंगवाल्या काकांची पुतणी शिकायला येणार आहे, तिला पहिल्याच दिवशी ते पान दाखवणार आहे.

आता तुझ्याबद्दल. दोन डबे गाळून ठेवताना तुला माहीत होतं की ते संपले की माझं काम बसणार. मी विचारलं तेव्हा तू माझ्या हाताला दोष दिलास. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा खोटं बोललास. तरी मी स्वतःला समजावत होते की बाबांनी तुझ्याकडून वचन घेतलं असेल, तू तेव्हा विशीतला, त्यांच्यापुढे तोंड उघडायची आपल्यापैकी कुणाची हिंमत होती! तेवढं मी तुला सोडून देऊ शकते. खरंच देऊ शकते.

पण बाबांना जाऊन चार वर्षं झाली, छोट्या. त्यानंतर प्रत्येक महिन्याला तू माझ्यासमोरून ते घमेलं उचललंस, आत गेलास आणि दार लोटलंस. तेव्हा तुला कोण सांगत होतं?

याचं उत्तर मला टपालाने नको. येशील तेव्हा समोर बसून दे, आणि ते देता येत नसेल तर आईला भेटायला मी घरात नसताना ये.

तुझी बहीण, ते बदलणं माझ्या हातात नाही म्हणून