प्रेसचं नवं कपाट

अकोला, २० सप्टें. १९६४, रविवार
कपाट आलं. पुण्याहून रेल्वेनं, स्टेशनावरून बैलगाडीत, गवतात बांधून. सोबत ते बसवायला देवधर साहेब, वय तिशीच्या आत. मला 'अहो मिस्त्री' म्हणतात. चौतीस वर्षांत या कापसाच्या जिनात मला अहो म्हणणारा पहिलाच.

आत लोखंडाच्या लहान लहान जिभा, रांगेनं. वीज आली की चिकटतात, गेली की सुटतात. त्यांना रिले म्हणतात. कोणतं काम झालं, कोणतं राहिलं, हे त्या लक्षात ठेवतात. दे. सा. म्हणाले, मुंबईत खोलीएवढं गणकयंत्र असतं, हे त्याचं शेंडेफळ समजा.

आजवर असं चाले. किसन प्रेसच्या खोक्यात उतरून रुई तुडवणार, वर येऊन घंटा मारणार, मग मी दाबाचा कॉक उघडणार, खालून दट्ट्या वर येणार, गाठ बांधली जाणार. आता किसननं बाहेर येऊन, दार लावून, स्वतः बटण दाबल्याशिवाय दट्ट्या हलणार नाही. कॉकवर माझी गरज नाही.

देवा, हे कपाट चालू दे.

२१ सप्टें.
काल लिहायचं टाळलं. आज लिहितो. गेल्या माघात किसनच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. कॉक माझ्या हातात होता. सगळ्यांना सांगितलं, घंटा ऐकली. ऐकली नव्हती. घंटेजवळ किसन उभा दिसला म्हणून उघडला. ते खांबाला टांगलेलं पोतं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हे फक्त हिला ठाऊक.

किसन दोन महिन्यांनी परत आला तो माझ्यासाठी घरच्या मळ्यातली वांगी घेऊन. "नानाजी, माहीच चूक झाली असंन," म्हणाला. मी वांगी घेतली.

२७ सप्टें.
मागच्या हंगामाची राहिलेली रुई घालून चाचणी. दोन गाठी ठीक. तिसऱ्या वेळी बंद. कपाट उघडलं तर आत गादी भरल्यासारखं पांढरं. बारीक रुई फटींतून जाऊन जिभांमध्ये बसते. पुसलं. संध्याकाळी पुन्हा तेच.

शेटजी येऊन गेले. "मिस्त्री, लाभपंचमीले हंगामाचा मुहूर्त हाय. तवरक चालली तर ठीक, नाही तर अलमारी वापस. मंग तुम्ही अन् तुमचा कॉक."
जेवण गेलं नाही.

२ ऑक्टो.
दाराला चहूकडून लोकरीचा जाड नमदा लावला, वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. रुई थांबली. पण आत एवढं तापलं की हात ठेववेना. वर टिनाचं छप्पर. दे. सा. डोक्याला हात लावून बसले. हवा जाऊ द्यावी तर रुई येते, रुई अडवावी तर हवा कोंडते.

किसन तिथंच बिडी पीत होता. म्हणाला, "आतून फुका ना. कानात कचरा गेला तं मानूस नाक दाबून आतूनच फुकते."
दे. सा. त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "मिस्त्री, हे आमच्या पुस्तकात आहे, पण अठराव्या प्रकरणात."

आता बाहेरच्या भिंतीतून नळ काढून पंख्यानं कपाटात हवा भरायची. आतली हवा सतत फटींतून बाहेर पडत राहिली तर रुई आत येणार कुठून? पंख्याच्या तोंडाला गाळायला मलमल हवी. माझं कोरं धोतर दिलं.
ही म्हणाली, "आता त्या कपाटाले लुगडंबी नेसवा. सण हाय पुढं."

६ ऑक्टो.
धोतर चाललं. पण दुसरी भानगड. प्रेस चालली की भिंत थरथरते, भिंतीवरचं कपाट थरथरतं, जिभा आपोआप सुटतात. भिंतीवरून काढलं. वेगळा ओटा बांधला, त्यावर मोटारीच्या जुन्या टायरचे तुकडे, त्यावर कपाट. वर पाण्याचा पेला ठेवून प्रेस चालवली. पाणी जवळजवळ हललं नाही. दे. सा. पेल्याकडे बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडे. त्या पोराची आई कुठं असेल तिथं सुखी असो.

१४ ऑक्टो., खंडेनवमी
दे. सा. सणाला पुण्याला गेले. परवा येतील. जिनात हत्यारांची पूजा केली. पाने, हातोडे, वजनं, सगळी मांडून. माझे उस्ताद सांगत, कुंकू यंत्राच्या तोंडाला लावावं, पाठीला लावून उपयोग नाही. यंत्र जिथं काम करतं ते त्याचं तोंड. कपाट उघडलं. एकेका जिभेला बोट टेकवलं, हळद आणि कुंकू. अठ्ठावीस जिभा. मन फार शांत झालं.

१७ ऑक्टो.
कपाट बंद. हिरवा दिवा लागतो, प्रेस हलत नाही. दे. सा. सकाळपासून तारा तपासत आहेत. जेवले नाहीत. शेटजींनी दुरून पाहिलं आणि वळून गेले. ते जास्त वाईट.

१८ ऑक्टो.
अजून बंद. दे. सा. म्हणाले, सगळं बरोबर आहे तरी वीज पुढं जात नाही, माझंच काही चुकलं असेल, पुण्याला तार करतो. दुपारी ते एक रिले फडक्यानं पुसत होते. फडकं लाल. "गंज कसा आला?" म्हणाले.
मला कळलं. घरी आलो. हिला सांगितलं. ही म्हणाली, "एक गोष्ट पोटात ठेवलीच हाय. आता दुसरीले जागा हाय का?"

१९ ऑक्टो.
सांगितलं. स्टुलावर बसून उस्तादांचं, कुंकवाचं, सगळं सांगितलं. म्हटलं, शेटजींना माझं नाव सांगा, कपाट परत नका नेऊ.
दे. सा. यांनी फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "धुळीला नमदा लावला, हादऱ्याला टायर लावले, उष्णतेला धोतर लावलं. कुंकवाचा विचार कोणी केला नव्हता."
दोघांनी मिळून स्पिरिटनं अठ्ठावीसही पुसल्या. चार वाजता प्रेस चालली. मग त्यांनी दाराच्या बाहेर, मधोमध, पितळेची पट्टी ठोकली. "हे याचं तोंड, मिस्त्री. उस्तादांना सांगा मी ठरवलं." शेटजींना म्हणाले, जोडणी ढिली होती.
माझ्यासाठी खोटं बोलला. पायाला हात लावावा तर वयानं लहान.

२७ ऑक्टो.
अमरावती. मुलीकडे उतरलो. डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती टाकून पाहिलं. दोन्ही पिकलेत, थंडीत काढू. कधीपासून कमी दिसतं, विचारलं. मी म्हटलं, दोन वर्षं. मुलगी दचकून माझ्याकडे पाहत होती. तिला माघातल्या अपघाताचा हिशेब लागला असावा. परतीच्या एस.टी.साठी शेंगा बांधून दिल्या.

१ नोव्हें.
तेरा दिवस कपाट एकदाही थांबलं नाही. दे. सा. आज गेले. स्टेशनावर म्हणाले, आता हे तुमचं. शिट्टी होईतो मी त्यांचा हात सोडला नाही.

८ नोव्हें., रविवार
उद्या लाभपंचमी. आवारात कापसाच्या गाड्या लागल्यात. किसन दुपारी खोकं झाडत होता. प्रेस बंद होती, दोघंच होतो. म्हटलं, किसन, माघात घंटा वाजलीच नव्हती. मला पोतं दिसलं, तू वाटलास. डोळे गेलेत. घंटा ऐकली हे मी खोटं सांगितलं.

त्यानं झाडू खाली ठेवला. "मंग मी नऊ महिने काहून इचार करून राहिलो, का मी घंटा मारून परत आत काहून गेलो म्हनून? बायकोले सांगतलं, माहं डोकं फिरलं असंन."
"सायबाले ठाऊक हाय?"
नाही.
"शेटले?"
नाही. तू म्हणशील तर आत्ता सांगतो.
तो खोक्याच्या काठावर बसून राहिला. पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "त्या कपाटावर भरोसा हाय मले. तुमचं पाहू."
मी विचारलं, उद्या येशील? खोक्यात दुसरा माणूस उतरवायला शेटजींना सांगू?
"सकायी पाहू, नानाजी," म्हणाला, आणि सायकल घेऊन गेला.

नानाजी म्हणाला. तेवढं धरून बसलो आहे. ही म्हणते, जेवा. पंख्याचं मलमलीचं फडकं धुऊन वाळत घातलं आहे. मुहूर्त साडेआठचा.