पेशंटला जायचं

माय, काल मी पेशंटला जाऊन आलो. हे बोलणं तुलाच कळेल. आमलीत आपल्या चाळीतल्या बाया कंपनीत ड्युटीला जावं तसं पेशंटला जायच्या. दुखत कुणाचंच काही नसायचं. हद्दीपलीकडे, गुजराती मुलखातल्या दातांच्या कॉलेजात दिल्लीहून तपासणीवाले यायचे. दवाखाना रिकामा दिसला तर मान्यता जाईल, म्हणून ट्रस्टची बस चाळीपाशी येऊन उभी राहायची. तुम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून बसायचात. दुपारी पुरीभाजी, येताना एकेक ब्रश. शेजारच्या काकू त्या ब्रशने देवाची भांडी घासायच्या.

एकदा अशीच पेशंटहून आलीस आणि स्टोव्हपुढे भाकरी थापत सगळी नक्कल करून दाखवलीस. आधी तिथे धाग्याचा कारखाना होता, तो बंद पडल्यावर ट्रस्टने शेड रंगवून खुर्च्या मांडल्या, आत अजून मशीनच्या तेलाचा वास येतो म्हणालीस. एक शिकाऊ डॉक्टरीण, गुजराती, गालाच्या आत एकाच जागी पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिने सरांना हाक मारली. सर तपासणीवाल्यांच्या मागे धावत होते, त्यांनी लांबूनच हात हलवला. मग ती वाकून हळूच म्हणाली, "मासी, आवजो हं. फरी आवजो." तूही हसून आवजो म्हणालीस आणि खुर्चीवरून उतरलीस. पोरगी भल्या घरची, असं आम्हाला सांगितलंस. इथे आल्यावर आपण गुजराती शिकलो ती दुकानांत, आणि तिथे आवजो म्हणजे अच्छा, येतो.

पुढे तुला तिखट लागेना. मिसरी लावताना डोळ्यांत पाणी यायचं. काकू म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात दाखवून ये. तू म्हणालीस, "मन्हं तोंड ते दरसाल मोठमोठा डॉक्टर पाहतस." काकूंनाही ते पटलं. शेवटी तुला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? तोवर तुझ्या तोंडात चमचाही जात नव्हता.

तू गेल्यावर मी एका जागी टिकलो नाही. नाशिकला द्राक्षाच्या पेट्या भरल्या, एका ट्रकवर क्लीनर होतो, राजस्थानात उंटाने माझी टोपी खाल्ली, ते राहू दे. वलसाडला एका ढाब्यावर काम मागितलं. मालक आवजो म्हणाला, मी निघून आलो. दोन-तीन दिवसांनी बाजारात भेटला आणि उलट मलाच बोलला, तुला यायला सांगितलं होतं ना? मी तिथेच, भाजीच्या गाड्यांमध्ये, खाली बसलो. ती पोरगी तुला बोलवत होती, माय, पुन्हा ये म्हणून.

तसाच रागात त्या कॉलेजवर गेलो. आता ते स्वतःच विद्यापीठ झालंय. ट्रस्टचे अध्यक्ष तेच कुलपती, मुलगा सचिव, सून डीन. तक्रार कुणाकडे करायची, असं वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "यातल्या कुणाकडेही कर, सगळे एकाच घरात जेवतात." परत आलो. कशाची तक्रार, हे मला नीट सांगताही आलं नसतं. मान्यता मात्र दर वेळी मिळत गेली.

काल आमलीत पुन्हा बस लागली. माणसं गोळा करणारा मला म्हणाला, "तोंड आहे ना? मग चढ." मी चढलो. खालच्या ओठाच्या आत पांढरा डाग आहे, बरेच दिवस झाले, गुटख्याची पुडी काही सुटत नाही. खुर्चीत आडवा झालो. शिकाऊ मुलगी आरसा घेऊन आली आणि फक्त तोंड उघडं ठेवा म्हणाली. मी तिचा हात बाजूला केला. "मी बसमधलाच आहे. पण माझं खरंच बघा." तिने दाराकडे पाहिलं, मग दिवा खाली ओढला. खूप वेळ बघितलं. हातमोजे काढत हिंदीत म्हणाली, "छोटा टुकड़ा निकालकर जाँच करनी पड़ेगी. कल सुबह आइए, और घर से किसी को साथ लाइए."

आज सकाळी मी दादऱ्याला वनगंगेच्या तळ्यावर येऊन बसलोय. होड्यांना नवा रंग दिलाय, एकीचा निळा अजून ओला आहे. हे लिहिलंय ते तुला पोचायचं नाही, घडी घालून खिशात ठेवेन. उन्हं वर आलीत. सोबत यायला कुणी नाही म्हणून गेलो नाही, असं मघापासून घोकतोय. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नाही.